आधी जागा, मग जनुक

नमस्कार. आजच्या विषयाच्या फलकावर 'उभयचरांच्या गर्भावर आणि रक्तावर जनुकांचं नियंत्रण' असं लिहिलंय. त्यातल्या 'नियंत्रण' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. ते आधी मांडतो, मग रक्ताकडे येतो. या शब्दानं एक चित्र मनात पक्कं बसतं: जनुकं हुकूम सोडतात आणि पेशी ते पाळतात. बेडकाच्या अंड्यात मला कायम उलटं दिसत आलंय. जनुक बोलतं, पण विचारल्यावर. आणि त्याला काय विचारलं जाणार, हे ती पेशी कुठं बसली आहे त्यावर ठरतं.

आपला बेडूक म्हणजे झेनोपस, आफ्रिकेतला नखांचा बेडूक. गेल्या शतकात गरोदरपणाच्या चाचणीसाठी तो जगभर गेला. गरोदर स्त्रीची लघवी टोचली की मादी काही तासांत अंडी घालायची. हवी तेव्हा अंडी देणारा प्राणी गर्भशास्त्राला असा मिळाला. अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं, वरून काळसर, खालून फिकट. शुक्राणू आत शिरला की अंड्याचा बाहेरचा थर आतल्या गाभ्यावरून सुमारे ३० अंश सरकतो, आणि शुक्राणू शिरला त्याच्या विरुद्ध बाजू पुढं पाठ होते. साधारण दीड तासानं पहिलं विभाजन, मग दर अर्ध्या तासाला एक. बारा विभाजनं होऊन चार हजार पेशी झाल्या, तरी गर्भाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्पच! मग तोवर कारभार कोण बघतं? सांगा... हो, मागच्या रांगेतून आलं ते बरोबर आहे. आई. तिनं अंड्यात भरून ठेवलेले आरएनए, म्हणजे जनुकांच्या संदेशाच्या प्रती, आणि प्रथिनं. त्यातही नीटनेटकेपणा बघा: 'व्हेगटी' नावाच्या जनुकाचा आरएनए ती तळाकडेच ठेवते. म्हणजे जनुकांना कंठ फुटायच्या आधीच वर-खाल आणि पाठ-पोट ठरलेलं असतं.

आता हिल्डेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्याकडे हिल्डे प्र्योशोल्ट, लग्नानंतरची हिल्डे मांगोल्ड, डॉक्टरेटचं काम करत होती. साल १९२१. न्यूट या शेपटीवाल्या उभयचराचे गर्भ, काचेच्या ओढून बारीक केलेल्या सुया आणि बाळाच्या केसाचा फास, एवढीच हत्यारं. प्रतिजैविकं नव्हती. शस्त्रक्रिया झालेले बहुतेक गर्भ मरायचे, आणि विणीचा हंगाम वर्षातून एकदाच. तिनं फिकट जातीच्या गर्भाच्या पाठीकडचा, पेशी जिथून आत वळतात त्या ओठाचा तुकडा काढला आणि गडद जातीच्या गर्भाच्या दुसऱ्या बाजूला बसवला. तिथं दुसरा मज्जारज्जू उभा राहिला. गर्भाला गर्भ जोडलेला! पण खरी मेख रंगात आहे. तो दुसरा मज्जारज्जू बहुतांश गडद पेशींचा होता, म्हणजे यजमानाच्या. ज्या पेशी पोटाची साधी कातडी होणार होत्या, त्यांनी नव्या शेजाऱ्याचं ऐकून मज्जारज्जू बांधला. त्यांची जनुकं बदलली नव्हती, शेजार बदलला होता.

हे १९२४ मध्ये छापून आलं. काम तिच्या प्रबंधाचं, पण लेखावर श्पेमान यांचं नाव पहिलं. त्याच वर्षी स्वयंपाकघरात भडका उडून हिल्डे भाजली आणि गेली. वय २५. श्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. त्या तुकड्याला संघटक म्हणतात, आणि कितीतरी पुस्तकांत तो नुसता 'श्पेमानचा संघटक' असतो. मला हे खुपतं. श्पेमान थोर होतेच, दृष्टी त्यांची होती. पण केसाच्या फासानं, मरणाऱ्या गर्भांमागून गर्भ घेऊन, एकेक जगवला तिनं. आपण निदान श्पेमान-मांगोल्ड म्हणूया.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. रक्त!

संघटक नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं बाहेर सोडतो; त्यांची जनुकं १९९२ आणि १९९४ मध्ये सापडली. ती दोन्ही बीएमपी या प्रथिनाला पेशीबाहेरच धरून ठेवतात. म्हणून पाठीकडे बीएमपी दबतं, पोटाकडे मोकळं राहतं. तिथल्या मध्यस्तरात, म्हणजे गर्भाच्या पेशींच्या मधल्या थरात, मग गाटा-२, एससीएल, एलएमओ-२ ही जनुकं जागी होतात. पाठोपाठ गाटा-१ येतं, ते ग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाची, जनुकं चालू करतं, आणि पोटाच्या कातडीखाली रक्तद्वीप म्हणतात त्या पट्ट्यात पहिल्या लाल पेशी तयार होतात. पुरावा हवा? पहिल्या विभाजनाआधी अंड्याच्या तळावर अतिनील किरण सोडा. बाहेरचा थर सरकत नाही, संघटक होत नाही, डोकं नाही, पाठ नाही, नुसता पोटाचा गोळा. पण त्यात रक्त असतं. जनुकं तीच, सगळीच्या सगळी.

एक गुंता सांगितलाच पाहिजे. रक्तद्वीपाचा पुढचा भाग संघटकाच्या बाजूच्या पेशींपासून येतो, मागचा संघटकाच्या विरुद्ध बाजूच्या पेशींपासून. आणि प्रौढ बेडकाचं रक्त यांतल्या कुणाचंच नाही. ३२ पेशींच्या गर्भात एकेका पेशीवर खूण करून २००० साली दाखवलं गेलं की ते तिसऱ्याच पेशींपासून येतं. त्यांची संतती पाठीकडच्या महाधमनीच्या तळाशी जाते आणि तिथं रक्ताच्या मूळपेशी होतात. तिथं रन्क्स-१ हे जनुक लागतं. माणसाच्या काही रक्तकर्करोगांत हेच जनुक मोडलेलं सापडतं. म्हणजे लाल पेशी दिसायला सारख्या, पण त्यांची घराणी वेगळी, जागा वेगळ्या, वेळ वेगळी. बेडूकमाशाचा बेडूक होताना हिमोग्लोबिनही बदलतं, थायरॉइडच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून. तिथंही जनुकाला कुणीतरी बाहेरून विचारतं!

वेळ संपली. बाहेरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली एक बेडूकमासा ठेवलाय. त्याच्या शेपटीतल्या बारीक वाहिनीवर नजर स्थिर करा. लंबगोल पेशी एकामागून एक सरकताना दिसतील. प्रत्येकीत केंद्रक आहे. आपल्या लाल पेशींत ते नसतं. दिवा फार वेळ चालू ठेवू नका, पाणी तापतं.