पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दोनच शब्दांबद्दल बोलायचंय, ड्यू प्रोसेस. म्हणजे सरकारला कुणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घ्यायची असेल तर आधी त्याचं रीतसर ऐकून घ्यायला हवं, मनात आलं म्हणून डांबलं असं चालत नाही. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे जज फ्रँकफर्टर यांना भेटले होते ते याच शब्दांवरून, आणि शेवटी आपल्या घटनेतल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या २१व्या कलमात हे शब्द आलेच नाहीत, पण तो वेगळा विषय.

अमेरिकेत नागरिकांच्या हक्कांची यादी, बिल ऑफ राइट्स, १७९१ला आली, पण मेख अशी की ती बांधायची फक्त केंद्र सरकारला, राज्यांना नाही, १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. यादवी युद्धानंतर १८६८ला चौदावी दुरुस्ती झाली, तिनं ड्यू प्रोसेसचं बंधन राज्यांवरही घातलं, आणि मग कोर्टानं त्याच वाटेनं एकेक हक्क राज्यांना लागू केला. वकील याला इन्कॉर्पोरेशन म्हणतात. शब्द रुक्ष आहे खरा, पण त्याच्यामागं माणसं आहेत हो.

क्लॅरेन्स गिडियनचंच बघा. १९६१, फ्लोरिडा. पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायच्या एका जागी चोरी केल्याचा आळ आला, खिशात पैसे नाहीत, म्हणून जजला म्हणाला मला वकील द्या. जज म्हणाले, आमच्या राज्यात फाशीची शिक्षा होऊ शकते अशाच केसमध्ये सरकारी खर्चानं वकील मिळतो. मग बिचारा स्वतःच उभा राहिला, साक्षीदारांना जमेल तसे प्रश्न विचारले, आणि ५ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्यानं पेन्सिलीनं हातानं अर्ज लिहिला, थेट सुप्रीम कोर्टाला. मला ही गोष्ट वाचताना दरवेळी भरून येतं, कारण कोर्टानं तो अर्ज खरंच वाचला, त्याची बाजू मांडायला एब फोर्टास यांच्यासारखा नावाजलेला वकील दिला, आणि १८ मार्च १९६३ला नऊच्या नऊ जजेसनी राज्यांनी प्रत्येक केसमध्ये वकील द्यायलाच हवा असं नाही म्हणणारा आपलाच १९४२चा निकाल फिरवून सांगितलं की बिल ऑफ राइट्समधल्या सहाव्या दुरुस्तीतला वकिलाचा हक्क राज्यांनाही पाळावा लागेल.

गिडियन लगेच सुटला नाही बरं का, त्याच्यावर परत खटला चालला. यावेळी शेजारी वकील होता, त्यानं मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी नीट घेतली, आणि ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.