मांगा स्वस्तात घ्यायचाय? आधी मागचं कव्हर बघा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय मांगाबद्दल, म्हणजे जपानी कॉमिक्सबद्दल, आणि तो स्वस्तात कुठे मिळतो त्याबद्दल. एक व्हॉल्यूम घेताना काही वाटत नाही, पण सिरीज वीस-पंचवीस व्हॉल्यूमची निघते, 'वन पीस' तर 2021 मध्येच शंभराव्या व्हॉल्यूमला पोचली, मग हिशोब कुठल्या कुठे जातो.

तर माझं झालं असं, की एका आवडत्या सिरीजचे नऊ व्हॉल्यूम ऑनलाइन दिसले, नवे कोरे, किंमत निम्म्याहून कमी. मागचापुढचा विचार न करता ऑर्डर केली. पार्सल आलं त्याच रात्री पहिला व्हॉल्यूम उघडला, मांगा वाचतात तसा उजवीकडून वाचायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या पानावरच डोळ्यांना खटकलं. आकाशात, सावल्यांत ते बारीक ठिपके असतात ना, स्क्रीनटोन, ते ठिपके राहिलेच नव्हते, त्यांच्या लाटा झाल्या होत्या. संवादाचे फुगे बाइंडिंगने अर्धे गिळलेले. जरा दाबून उघडलं तर पान सुटून हातात. मग मागचं कव्हर बघितलं, दुसऱ्याचं बघितलं, तिसऱ्याचं बघितलं आणि पोटात गोळाच आला, नऊच्या नऊ पुस्तकांवर एकच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक! प्रत्येक व्हॉल्यूमचा आयएसबीएन वेगळा असतो मंडळी, वेगळाच असतो. म्हणजे हे सगळे नकली, चोरून छापलेले. पैसे गेले ते गेले, पण ज्याने ती पानं रात्र रात्र जागून काढली त्या मांगाकाला, म्हणजे मांगा काढणाऱ्या कलाकाराला, त्यातलं काहीच मिळालं नाही, हे फार लागलं मनाला.

म्हणून आधी मागचं कव्हर, मग किंमत. सेकंडहँड घ्या, बिनधास्त घ्या, सिरीज वाचून झालेले किंवा घर बदलणारे लोक अख्खा सेट एकदम काढतात आणि सुटे व्हॉल्यूम जमवण्यापेक्षा तो बऱ्याचदा स्वस्त पडतो, फक्त मधला एखादा गायब नाही ना ते मोजा, कारण प्रिंट संपलेला एकटा व्हॉल्यूम शोधायला गेलात तर तोच सगळ्यात महाग मिळतो. दोन किंवा तीन व्हॉल्यूम एकत्र छापलेली ऑम्निबस एडिशन असेल तर ती बघा. लायब्ररीत विचारा. आणि घेण्याआधी वाचून बघा, शुएशा या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस हे ऑनलाइन वाचायचं अ‍ॅप 2019 पासून आहे, तिथे बऱ्याच सिरीजचे पहिले तीन चॅप्टर फुकट असतात, कायदेशीर.

आता हे जरा विषय सोडून होतंय, पण दुकानात मांगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात ते मला अजिबात पटत नाही, निदान एक तरी कॉपी उघडी ठेवा, पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळतं का?

असो. तेच नऊ व्हॉल्यूम मी पुढे सेकंडहँड, खरेखुरे मिळवले. पैसे देण्याआधी विकणाऱ्या ताईंकडे सगळ्या मागच्या कव्हरांचे आणि मधल्या एका उघड्या पानाचा असे फोटो मागितले. त्यांनी दहा मिनिटांत पाठवले. नऊ पुस्तकं, नऊ वेगळे नंबर, आणि झूम करून बघितलं तर आकाशातला ठिपका न् ठिपका सुटा दिसत होता.