एक थेंब, पाच इलेक्ट्रॉन

(ब्युरेट या मापाच्या काचनळीच्या टोकाला लटकलेला जांभळा थेंब.)

सकाळचे साडेसात. पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची लॅब, बारावीची बॅच.

ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकतात तेच. खाली फ्लास्कमध्ये मोहर सॉल्ट या लोहाच्या क्षाराचं १० मिलिलिटर द्रावण, दिसायला जवळजवळ पाणीच. त्यातला प्रत्येक फेरस, म्हणजे लोहाचा, आयन एकच इलेक्ट्रॉन देतो. मग परमँगनेटचा एक आयन घेतो किती? उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. आज पुस्तकं दप्तरातच आहेत.

आधी आम्ल, तेही विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं, आणि नायट्रिक स्वतःच लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. आम्ल कमी पडलं तर काय होतं, ते या टेबलावर बघा: फ्लास्क तपकिरी, गढूळ. मुलींनी ते ओतून टाकलं, फ्लास्क धुतला, पिपेट पुन्हा भरलं.

(फक्त थेंबांचा आवाज.)

थेंब पडतो, फ्लास्क फिरतो, रंग विरतो. पुन्हा थेंब, पुन्हा विरतो. शेवट दाखवायला रंग बदलणारा वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटचा रंगच सांगतो. लोह संपलं की पुढचा एकच थेंब सगळा फ्लास्क फिकट गुलाबी करतो, आणि ती छटा अर्धा मिनिट टिकावी लागते. आता डोळा ब्युरेटच्या पातळीत. द्रावण गडद आहे, म्हणून रीडिंग वरच्या कडेचं.

१०.१. १०.०. १०.०. सीबीआर, म्हणजे सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, १०.० मिलिलिटर.

मोहर सॉल्ट ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल; १० मिलिलिटर: १ मिलिमोल. परमँगनेट ०.०२ मोलर, १० मिलिलिटर: ०.२ मिलिमोल. भागा. पाच. एका परमँगनेटला पाच फेरस, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन. मँगनीज +७ वरून +२ वर आलं.

आमच्या बारावीत हे रीडिंग फळ्यावर आधीच लिहिलेलं असायचं. आम्ही जर्नलमध्ये उतरवलं, सही घेतली. पदवीला ब्युरेटची तोटी फिरवताना हात थरथरले.

या मुलीची बोटं बघा. परमँगनेटचे तपकिरी डाग साबणाने निघत नाहीत. तिनं फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवलाय आणि मैत्रिणीला हाक मारतेय.

(गुलाबी फ्लास्क, जवळून. निवेदन नाही.)