सामाईक जिना

[दृश्य : सकाळ. कातळावरचा किल्ला, खाली उतरत गेलेली छपरं, धुरांडी.]

एडिंबरा, स्कॉटलंडची राजधानी. विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर किल्ला, तिथून पूर्वेला होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरलेला एक मोठा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना बोळच बोळ. त्यांना इथे 'क्लोज' म्हणतात. १९९५ पासून इथलं जुनं आणि नवं शहर, दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. पर्यटक दोन दिवसांत सगळं डोळे भरून पाहतात आणि परततात. शिकायला किंवा नोकरीला आलेला माणूस मात्र आपलं सामान घेऊन अशाच एखाद्या दगडी इमारतीचे तीन मजले चढतो. या शहराची खरी ओळख त्या जिन्यात होते.

[दृश्य : पायऱ्या, अगदी जवळून.]

पायरीचा मधला भाग पाहा. कित्येक पिढ्यांची पावलं पडून दगड खोलगट झालाय. वर छतात काचेचा घुमट आहे. दिवसा जिन्यात उजेड येतो तो तिथूनच. पत्त्यात '३एफ२' असं काही लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका : तिसरा मजला, दुसरा फ्लॅट. बँक, दवाखाना, पार्सल, सगळीकडे हाच पत्ता लागतो, तेव्हा तो आधी पाठ करावा.

इमारती इतक्या उंच का, याचं उत्तर इतिहासात आहे. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा दारुण पराभव झाला. इंग्रज चालून येतील या धास्तीनं शहराभोवती नवा तट उभा राहू लागला. माणसं वाढत गेली, पण तटाबाहेर राहायला कोणी धजेना. मग शहर आभाळाच्या दिशेनं वाढलं. एकाच जिन्यावर मधल्या मजल्यांवर श्रीमंत, अगदी खाली आणि अगदी वर गरीब, अशी वस्ती असे. १७६७ मध्ये जेम्स क्रेगचा नव्या शहराचा आराखडा मंजूर झाला आणि पैसेवाली कुटुंबं हळूहळू उत्तरेला, नव्या रुंद रस्त्यांवर राहायला गेली. जुन्या इमारतींत दाटीवाटी राहिली, डागडुजी मात्र राहिली नाही.

[दृश्य : पेस्ली क्लोजच्या प्रवेशावरचा कोरलेला चेहरा.]

२४ नोव्हेंबर १८६१. हाय स्ट्रीटवरची अशीच एक इमारत भर रात्री कोसळली. ३५ माणसं दगावली. ढिगारा उपसणाऱ्यांना आतून एका मुलाची हाक ऐकू आली : उपसत राहा, मी अजून मेलेलो नाही. तो वाचला. त्याचा चेहरा आणि ते शब्द आज पेस्ली क्लोजच्या प्रवेशावर कोरलेले आहेत. पुढच्याच वर्षी शहरानं हेन्री लिटलजॉन यांना पहिला आरोग्य अधिकारी नेमलं.

आता एका बिऱ्हाडाची गोष्ट, आणि ती मराठी माणसानं तरी ऐकायलाच हवी. १८८६ मध्ये पॅट्रिक गेडीस, जे पुढे नगररचनाकार म्हणून नावाजले, आणि त्यांची पत्नी ॲना याच जुन्या शहरात, जेम्स कोर्टमध्ये राहायला आले. चांगल्या घरची माणसं ही वस्ती सोडून जात होती, तेव्हा हे दोघं तिथे आले. शेजाऱ्यांना जमवून साफसफाई केली, भिंतींना चुना दिला, झाडं लावली. वस्ती सरसकट पाडू नका, पडकं तेवढं काढा, बाकीचं दुरुस्त करा, हा त्यांचा आग्रह. पुढे हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर त्या विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाहिली. शहर समजून घ्यायचं तर आधी त्यात राहायला हवं, हे गेडीस यांनी करून दाखवलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

[दृश्य : जुनी उभी सरकणारी खिडकी. हात खालचा भाग वर उचलतो.]

घरात आलं की पहिली गाठ पडते खिडकीशी. दोन लाकडी चौकटी एकमेकींपुढून वर-खाली सरकतात. बाजूच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं असतं. त्याच्या भारामुळे एवढी जड काच एका हातानं उचलली जाते. दोरी तुटली तर चौकट धाडकन खाली येते, म्हणून उघड्या खिडकीखाली हात ठेवू नये. फटींतून वारा येतो. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. तेव्हा खिडकीची आतली लाकडी दारं लावून घ्यायची, ऊब टिकते. खिडकी बदलावी असं मनात येईलच. पण ती इमारत संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत नोंदलेली असेल तर परवानगीशिवाय खिडकीचं रूप बदलता येत नाही. भिंतीचंही तसंच. हा वालुकाश्म. त्याच्या सांध्यांत चुना हवा, सिमेंट नको. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

भाड्याचे नियम थोडक्यात. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि घरमालकाला ती ३० कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. घरमालकाची सरकारी नोंदणी आहे ना, हे करारावर सही करण्याआधी तपासा.

[दृश्य : जिन्याच्या वळणावर बोलत उभे असलेले शेजारी.]

छप्पर गळलं तर खर्च कोणाचा? तो फक्त सगळ्यात वरच्या मजल्याचा नाही. इमारतीच्या दस्तांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर स्कॉटलंडच्या २००४ च्या कायद्यानुसार छपराच्या देखभालीची जबाबदारी सगळ्या फ्लॅटमालकांची आणि दुरुस्तीचा निर्णय त्यांच्या बहुमतानं होतो. भाडेकरूला मत नसतं. पण छताला डाग पडलाय, पन्हळ तुंबलीय, हे पहिल्यांदा दिसतं ते तिथे राहणाऱ्यालाच. तो बोलला तर काम हलतं. जिना धुण्याची पाळी सांगणारी पाटी पूर्वी एका दारावरून दुसऱ्या दारावर जात असे. आज बऱ्याच ठिकाणी हे काम पैसे देऊन करून घेतात, पण सामाईकपणा संपलेला नाही : मागचं अंगण सामाईक, कपडे वाळवायच्या दोऱ्या सामाईक, बाहेरच्या दाराचं कुलूप सामाईक.

म्हणून जिन्यावर कोण राहतं याला महत्त्व आहे. ऑगस्टच्या महोत्सवांत शहर पाहुण्यांनी भरून जातं आणि अनेक फ्लॅट वर्षभर फक्त पर्यटकांसाठीच ठेवले जाऊ लागले. चार दिवसांचा पाहुणा पन्हळीची तक्रार कशाला करेल? सप्टेंबर २०२२ पासून अख्खं शहर अशा अल्पकालीन भाड्याच्या घरांसाठी नियंत्रण क्षेत्र झालं. मालक स्वतः राहत नसलेला पूर्ण फ्लॅट अशा कामाला नव्यानं वळवायचा, तर आधी नगर परिषदेची परवानगी लागते. हा निर्णय मला योग्य वाटतो.

नव्यानं येणाऱ्याला इतकंच सांगेन : पहिल्याच आठवड्यात खालच्या आणि वरच्या दारावर टकटक करा. नाव सांगा. जिन्यातला दिवा गेला तर कोणाला कळवायचं, कचरा कुठे टाकायचा, छपराचं काम शेवटचं कधी झालं, विचारा. आणि आपला फोन नंबर देऊन या.