सीआरपी, सीपीआर आणि वस्तादांची दाढ

नमस्कार श्रोतेहो. आज हृदयविकाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या एका प्रथिनाबद्दल बोलू. सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. नीट ऐका हं, सी-आर-पी. दोनदा का सांगतोय ते वस्तादांच्या गोष्टीत कळेल.

आमचे एक वस्ताद. साठी उलटलेली, अँजिओप्लास्टी झालेली, तरी पहाटेची तालीम चुकत नाही. त्यांना म्हटलं, "वस्ताद, सोमवारी सीआरपी करून या." सोमवारी दुपारी स्वारी हजर. "आलो की सीपीआरला जाऊन! केसपेपर काढला, दोन तास बाकड्यावर बसलो, गावाकडचे चार पाव्हणे भेटले, दसरा चौकात चहा झाला. आता पुढं?" कोल्हापुरात सीपीआर म्हणजे सरकारी दवाखाना, हे शेंबडं पोरगंही सांगेल. चूक माझीच, चिठ्ठी द्यायला हवी होती.

मग रक्त घेतलं. आकडा आला 14. मुलानं मोबाइलवर वाचलेलं, 3 च्या वर धोका. घरात रडारड! वस्ताद मात्र गालाला हात लावून गप्प. म्हटलं, तोंड उघडा. दाढेच्या मुळाशी पू. पैलवान गडी, दुखतंय म्हणून सांगायची लाज. दाढ काढली, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, 1.6.

तर सीआरपी यकृतात तयार होतं, शरीरात कुठंही दाह असला की वाढतं. कुठंही, हे ध्यानात ठेवा. हृदयासाठी त्याची हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं प्रमाणही मोजणारी तपासणी करतात. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत बरं, 3 च्या वर जोखीम जास्त, आणि 10 च्या वर गेलं तर आधी ताप, दाढ, जखम शोधायची, बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं. कोलेस्टेरॉल गोळ्यांनी उतरलं तरी सीआरपी चढंच राहिलं, तर रक्तवाहिन्यांतला दाह शमलेला नाही असं समजतात.

सणासुदीला तपासण्यांची पॅकेजं साड्यांच्या सेलसारखी विकतात, ते मला बिलकुल पटत नाही. आणि सगळं खापर तांबड्या रश्श्यावर फोडणंही नाही पटत. मिश्री लावणाऱ्यांनी रश्श्याला नावं ठेवू नयेत.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, ते वेगळं. हृदयाचा स्नायू दुखावला की ते रक्तात उतरतं, म्हणून छातीत दुखत असताना काही तासांच्या अंतरानं पुन्हा बघतात.

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, जास्त असला तर हृदयाला धोका. त्याचं प्रमाण मात्र बहुतांशी आईबापाकडून येतं, आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुधा पुरतं. वस्तादांचं जास्त निघालं, म्हणून मुलालाही तपासायला सांगितलंय. या वेळी चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरांत.