आम्लवर्षा, चुनखडी आणि दगडफूल

श्रोतेहो, नमस्कार.

तासगाव भागात ज्यांच्या बेदाण्याच्या शेड आहेत, त्यांना गंधकाची धुरी काय असते हे सांगायला नको. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून गंधक जाळतात. तो वायू नाकात शिरला की ठसका लागतो, डोळ्यांना धार लागते. हाच सल्फर डायऑक्साइड. शेडमध्ये गंधक किलोच्या हिशेबात जळतं. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर ते टनांनी जळतं. त्यात गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू मिसळतात आणि हवेतच सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल तयार होतं. ते पावसातून पडतं, धुक्यातून झाडाझुडपांवर बसतं, आणि पाऊस नसला तरी कोरड्या कणांच्या रूपात पानांवर उतरतं.

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ (pH) लिहिलेला असतो, म्हणजे आम्लतेचं माप: ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल. तो इथेही कामाचा. स्वच्छ पावसाचा सामूसुद्धा ७ नसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ५.६ च्या आसपास येतो. त्याखाली गेला की आम्लवर्षा. सामू एकाने उतरला तर आम्लता दहापट वाढते, म्हणून ५ आणि ४ मधला फरक किरकोळ समजू नका. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ मध्ये ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या शहरांतल्या पावसावर सविस्तर लिहून ठेवलं होतं. पण पुढे स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांतले मासे नाहीसे झाले, तेव्हा कुठे जग जागं झालं. तो धूर बराचसा शेजारच्या देशांचा होता!

आता आपल्याकडे या. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, सामू बहुधा ८ च्या आसपास. मिरज-वाळव्याच्या शेतकऱ्याचं दुखणं उलटं आहे, त्याला खारपड आणि चोपण, म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन छळते. थोडंफार आम्ल ही माती सहज पचवते. एवढंच कशाला, ज्या धुळीला आपण उन्हाळाभर शिव्या देतो तिच्यातलं कॅल्शियमही हवेतलं आम्ल मारतं.

महाबळेश्वरला मात्र हा आधार नाही. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. लाखो वर्षांच्या पावसात चुना केव्हाच विरघळून वाहून गेला, उरला तांबडा जांभा, आणि त्यात ॲल्युमिनियम ठासून भरलेलं. सामू ५ च्या खाली घसरला की हे ॲल्युमिनियम विरघळू लागतं. मुळांची टोकं खुंटतात, आणि तेच पाणी ओढ्याला गेलं तर माशांचे कल्ले निकामी होतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर ढगातच बुडालेलं असतं. ढगाच्या थेंबात पाणी कमी, त्यामुळे प्रदूषण असेल तर त्यातलं आम्ल पावसापेक्षा दाट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी तिथेच प्रयोगशाळा थाटली आहे.

यंत्राशिवाय हवा ओळखायची तर दगडफूल पाहा. हो, गोड्या मसाल्यातलंच! त्याला मुळं नसतात. पाणी, अन्न सगळं थेट हवेतून आणि पावसातून. गंधकाचा वायू वाढला की आधी तेच जातं. १८६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नायलांडर यांनी पॅरिसमध्ये हे टिपलं होतं. रहदारीच्या रस्त्याकडेचं झाड आणि आत जंगलातलं झाड, दोन्हींची साल एकदा जवळून न्याहाळा.

वीजकेंद्रांनी धुरातला गंधक वायू काढून घ्यावा, असा नियम २०१५ मध्ये आला. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हे त्यामागचं एक कारण. ते खरंही आहे. पण कोळसा आपण किती जाळतो, तो आकडा माझ्या मते जास्त बोलका आहे.

स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांसाठी एक सांगतो. अमोनियम सल्फेटसारखी खतंही जमीन आंबट करतात, आणि तुमच्या तांबड्या मातीत ते लवकर जाणवतं. लागवडीआधी सामू तपासा. साडेपाचच्या खाली असेल तर प्रयोगशाळा सांगेल तेवढा चुना घाला, अंदाजपंचे नको.

नमस्कार.