गाडी घुमते तेव्हा

मंडळी, चालत्या गाडीतून 'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज यायला लागला की गॅरेजात जाऊन आपण एवढंच सांगतो, "आवाज येतोय, बघा." मग आधी टायर बदलतात, नंतर बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, आणि एवढा खर्च होऊनही गाडी घुमतच राहते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो कशाने बदलतो ते पाहा.

गाडी उभी ठेवून रेस द्या. आवाज चढला तर चाकांच्या वाटेला जाऊ नका. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, इंजिनच्या बेल्टची पुली, तिकडे बघा. उभ्या गाडीत काही नाही, पण चाळीसच्या पुढे घुमायला लागते आणि त्याच वेगात गिअर बदलला तरी सूर तोच राहतो, तर आवाज बहुधा चाकांकडचा. काही जण न्यूट्रल करून बघायला सांगतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे. परशुराम घाटाच्या उतारावर मात्र कृपा करून हे करू नका.

आता टायर की बेअरिंग? खरी फसगत इथेच होते, कारण दोन्ही आवाज फार सारखे. इथे आपला मुंबई-गोवा महामार्ग कामी येतो. काँक्रीटच्या खाचांवर चांगले टायरही घुमतात. डांबर लागताच आवाज पडला, तर तो टायरचा किंवा नुसता रस्त्याचा. रस्ता बदलूनही घुमणं तेच राहिलं, तर बेअरिंगवर संशय घ्या. गाडी थांबवून टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागलं, तर झीज वाकडी आहे. त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. टायरबरोबर आवाजाची जागाही बदलली, तर बेअरिंगचा खर्च वाचला.

बेअरिंग ओळखायला आपल्याकडे वळणांची कमी नाही. उजवं वळण घेताना भार डाव्या चाकांवर जातो. तिथे आवाज वाढला आणि डाव्या वळणावर कमी झाला, तर बहुधा डाव्या बाजूचं बेअरिंग. नक्की करायला गाडी जॅकवर घ्या, हात त्या चाकाच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याला चाक फिरवायला सांगा. खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते.

हे बेअरिंग जातं कसं, तेही आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. तापलेला हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, पाण्यात शिरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. समुद्राचं असेल तर गंज आणखी लवकर. म्हणून गाडी पुळणीवर लाटांत घालायची हौस मला अजिबात पटत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीच्या पुरात गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं इंजिन सुरू झालं म्हणजे सगळं झालं असं धरू नये. चाकांची बेअरिंगंही तपासून घ्यावीत.

नवं बेअरिंग बसवताना एक विचारा. बऱ्याच गाड्यांत एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, चुंबकी कडी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. ते उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो.

"असं घुमत किती दिवस चालवावी?" असा प्रश्न आला आहे. नुसतं घुमत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत न्या. पण जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं, किंवा चालवताना स्टिअरिंग थरथरलं, तर घाट उतरू नका, टो करून न्या.